हँडिकॅप रजिस्टरमधून बाहेर काढताना

गोल्फमध्ये खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला जे सवलतीचे फटके मिळतात, तो त्याचा हँडिकॅप. तो ठरवण्याची जागतिक हँडिकॅप पद्धत 2020 पासून सुरू झाली. त्याआधी जगात सहा निरनिराळ्या पद्धती चालत असत. आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्थांनी त्या एकत्र आणल्या आणि 2024 मध्ये नियमांत महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. आपल्याकडे या पद्धतीचा कारभार इंडियन गोल्फ युनियनकडे आहे. नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी याविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. उदाहरणांतले रेटिंगचे, म्हणजे कोर्स किती अवघड ते सांगणारे, आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट कोर्सचे नाहीत.

प्रश्न : आमचा क्लब लहान आहे. हँडिकॅप अजून एका रजिस्टरमध्ये लिहिला जातो. महिन्याच्या मेडलची (एकूण फटके मोजून होणाऱ्या स्पर्धेची) कार्डं पाहून कॅप्टन आणि दोन ज्येष्ठ सभासद तो ठरवतात. आता नवी पद्धत घ्यायचं ठरलं आहे. सुरुवात कुठून करावी?
(समिती सदस्य, सिव्हिल लाइन्स)

सुरुवात मैदानापासून करा. संगणकाचं काम सर्वात शेवटी येतं, पण बहुतेक क्लब आधी तेच घेऊन बसतात आणि अडकतात. कोर्सला अधिकृत रेटिंग नसेल, तर प्रणालीत टाकलेल्या स्कोरला काहीच अर्थ उरत नाही.

पहिलं काम मोजणीचं. प्रत्येक टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, जमिनीत पक्का बसवलेला मार्कर हवा. त्या मार्करपासून ग्रीनच्या (खळगा असलेल्या बारीक गवताच्या भागाच्या) मध्यापर्यंतचं अंतर, खेळाच्या रेषेने, लेझर किंवा जीपीएसच्या सर्व्हे उपकरणाने मोजून घ्यायचं. डॉगलेग, म्हणजे मधे वळणारा होल, असेल तर वळणाच्या बिंदूपर्यंत एक माप आणि तिथून पुढे दुसरं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जुन्या कार्डावरचे यार्ड तसेच पुढे पाठवणं. मधल्या काळात एखादं ग्रीन मागे गेलेलं असतं, एखादी टी झाडाच्या मुळांमुळे पुढे सरकलेली असते, पाटी मात्र जुन्याच जागी उभी. लांबी हा रेटिंगचा पाया आहे. तो चुकला तर पुढची दहा वर्षं प्रत्येक सभासदाचा हँडिकॅप थोडा थोडा चुकत राहील. दहा वर्षं म्हणण्याचं कारण असं, की दोन रेटिंगमध्ये जास्तीत जास्त तेवढंच अंतर चालतं.

त्यानंतर युनियनच्या प्रशिक्षित पथकाकडून रेटिंग. हे लोक दोन खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून कोर्स पाहतात: स्क्रॅच, म्हणजे साधारण शून्य हँडिकॅपचा, आणि बोगी, म्हणजे साधारण 20 हँडिकॅपचा. स्क्रॅच पुरुष 250 यार्डांचा ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) मारतो आणि 470 यार्डांवरचं ग्रीन दोन फटक्यांत गाठतो, असं धरतात. बोगी पुरुषासाठी हेच आकडे 200 आणि 370. स्क्रॅच महिलेसाठी 210 आणि 400, बोगी महिलेसाठी 150 आणि 280. प्रत्येकाचा चेंडू जिथे पडेल तिथला उतार, फेअरवेची (कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) रुंदी, रफ (बाजूचं वाढलेलं गवत), बंकर (वाळूचे खड्डे), पाणी, झाडं, आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेरचा भाग), ग्रीनचा आकार आणि पृष्ठभाग यांना गुण दिले जातात. त्यातून दोन आकडे निघतात. स्क्रॅच खेळाडूला साधारण किती फटके लागावेत, ते कोर्स रेटिंग. त्याच कोर्सवर बोगी खेळाडूला किती जास्त त्रास होतो, ते स्लोप. स्लोप 55 ते 155 च्या दरम्यान असतो आणि 113 हा प्रमाण आकडा आहे.

टीपासून 190 यार्डांवर नाला आडवा जात असेल तर हा फरक चटकन कळतो. स्क्रॅच पुरुषाला त्या नाल्याचं भान ठेवायचंही कारण नाही. बोगी पुरुषाचा ड्राइव्ह मात्र तिथेच पडतो. असे दोन-तीन नाले असले की कोर्स रेटिंग फारसं हलत नाही, स्लोप वर जातो. हिशेबही सरळ आहे. पुरुषांसाठी बोगी रेटिंगमधून कोर्स रेटिंग वजा करायचं आणि 5.381 ने गुणायचं, महिलांसाठी 4.24 ने. बोगी रेटिंग 91.9 आणि कोर्स रेटिंग 69.4 असेल तर फरक 22.5, म्हणजे स्लोप 121.

पथकाला मे महिन्यात बोलावू नका. 45 अंशांत जमीन इतकी कडक होते की ड्राइव्ह पडल्यावर कितीतरी यार्ड घरंगळतो. रेटिंगला कोर्सची खेळाच्या मुख्य हंगामातली नेहमीची अवस्था लागते. नागपुरासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पाहुणे येणार म्हणून रफ बारीक कापून ठेवणं हाही आपल्याच पायावर धोंडा आहे. रेटिंग खाली येईल आणि वर्षभर आपलेच सभासद वाढलेल्या रफमध्ये कमी फटके घेऊन खेळतील.

पथकाची तारीख मिळेपर्यंत बाकीचं उरकता येतं. क्लब युनियनशी संलग्न आहे का, ते तपासा. हँडिकॅप समिती लेखी ठरावाने नेमा. जुनी कार्डं गोळा करा. पण तारीख, कोणत्या रंगाची टी आणि होलनिहाय फटके या तिन्ही गोष्टी असलेलीच कार्डं बाजूला काढा. नुसता एकूण आकडा लिहिलेल्या कार्डावरून प्रत्येक होलला मोजायच्या फटक्यांची कमाल मर्यादा लावता येत नाही. ती कार्डं वापरायची की नाही, याचा निर्णय युनियनला विचारूनच घ्या. जी टी त्या काळी रेट झालेलीच नव्हती, तिच्यावरचे स्कोर घुसवण्याचा मोह टाळा. कार्डं पुरेशी नसली तरी बिघडत नाही. 54 होल खेळले की नवा इंडेक्स, म्हणजे नव्या पद्धतीतला हँडिकॅपचा मूळ आकडा, मिळतो, मग ते 18 चे तीन राउंड असोत की 9 चे सहा.

स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे सवलतीचे फटके कोणत्या होलवर आधी मिळतात तो होलचा क्रम, तोही याच वेळी तपासून घ्या. विषम आकडे एका नऊवर, सम दुसऱ्या नऊवर, आणि 1 किंवा 2 नंबरचा होल अगदी पहिला किंवा शेवटचा नको, नाहीतर मॅचप्लेमध्ये (एकेक होल जिंकत खेळायच्या सामन्यात) महत्त्वाचा फटका वाया जातो.

शेवटी माणसं. स्टार्टर (खेळाडूंना पहिल्या टीवरून सोडणारा), कॅडी मास्टर (खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींचा प्रमुख) आणि ऑफिसात कार्डं भरणारी व्यक्ती या तिघांना आधी शिकवा, सभासदांना नंतर. पहिल्या टीजवळ प्रत्येक रंगाच्या टीसाठी, पुरुष आणि महिलांसाठी वेगळे, इंडेक्सवरून कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या टीवर मिळणारे फटके, दाखवणारे तक्ते लावा. दोन महिने रजिस्टर आणि नवी प्रणाली शेजारी शेजारी चालवा, पण बक्षिसाची स्पर्धा पहिल्या दिवसापासून एकाच आकड्यावर घ्या. दोन आकडे हाताशी असले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा उचलतो आणि भांडण ठरलेलं.

प्रश्न : रजिस्टरप्रमाणे मी 14 चा खेळाडू. नव्या हिशेबात इंडेक्स 18.6 आला. सोबतचे लोक म्हणतात, भाऊ तुझा खेळ उतरला. एका रात्रीत काहून उतरंल?
(एक वाचक, धरमपेठ)

तुमचा खेळ होता तिथेच आहे, बदलली ती मोजपट्टी. रजिस्टरमध्ये बहुधा तुम्ही जिंकलेल्या मेडलच्या दिवशी आकडा खाली आला आणि नंतर कुणी तो वर नेला नाही. नव्या पद्धतीत शेवटच्या 20 स्कोरपैकी सर्वोत्तम 8 ची सरासरी घेतात. चांगला दिवस त्यात मोजला जातोच, पण तो एकटा राज्य करत नाही.

एका राउंडचा हिशेब असा. समजा रेटिंग 69.4, स्लोप 121, पार (कोर्ससाठी ठरलेले प्रमाण फटके) 72 आणि तुमचे 92 फटके. 92 मधून 69.4 वजा केले की 22.6. त्याला 113 ने गुणून 121 ने भागलं की 21.1. हे त्या दिवसाचं डिफरन्शियल. असे 20 आकडे जमले की त्यातले सर्वात लहान 8 निवडायचे. म्हणून इंडेक्स हा तुमचा सरासरी स्कोर नव्हे, तुमच्या चांगल्या खेळाची पातळी आहे. बहुतेक राउंडमध्ये तुम्हाला त्याहून जास्तच फटके लागतील, आणि ते स्वाभाविक आहे.

या हिशेबात एक गोष्ट सगळीकडे विसरली जाते. 92 हा आकडा दुरुस्त केलेला हवा. कोणत्याही होलवर पार अधिक 2 अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके, एवढीच कमाल नोंद होते. कोर्स हँडिकॅप 17 असताना स्ट्रोक इंडेक्स 5 च्या पार चारवर कमाल 7. स्ट्रोक इंडेक्स 18 च्या पार तीनवर फटका मिळत नाही, म्हणून कमाल 5. नाल्यात तीन चेंडू घालून 11 झाले तरी हँडिकॅपसाठी 7 च. मेडलचा निकाल मात्र 11 नेच लागतो. ऑफिसात नुसती कच्ची बेरीज भरली गेली तर इंडेक्स फुगतो, आणि नव्याने पद्धत घेणाऱ्या क्लबात सर्वाधिक चुका इथेच होतात. होलनिहाय आकडे भरा, ही दुरुस्ती प्रणाली स्वतः करते.

प्रश्न : इंडेक्स 18.6 असेल तर पुण्याला किंवा दिल्लीला जाऊनही तेवढेच फटके घ्यायचे का?
(रामदासपेठ)

नाही. इंडेक्स सोबत न्यायचा असतो, फटके तिथे गेल्यावर ठरतात. इंडेक्सला त्या टीच्या स्लोपने गुणा, 113 ने भागा आणि रेटिंग वजा पार जो येईल तो मिळवा. वरच्या कोर्सवर 18.6 चे 19.9 होतात. रेटिंग पारपेक्षा 2.6 ने कमी असल्यामुळे उरतात 17.3, म्हणजे 17. दुसरीकडे रेटिंग 72.8, स्लोप 134 आणि पार 72 असेल तर तुम्हाला 23 मिळतील. सहा फटक्यांचा फरक! सोपा कोर्स घरचा असणाऱ्यांना बाहेर गेल्यावर हा न्याय जाणवतो.

स्पर्धेत आणखी एक पायरी असते. वैयक्तिक स्ट्रोकप्ले (एकूण फटके मोजून) आणि स्टेबलफोर्डला (होलनिहाय गुणांवर) कोर्स हँडिकॅपचे 95 टक्के, एकेरी मॅचप्लेला पूर्ण 100, फोरबॉल (दोघांची जोडी, प्रत्येक होलवर चांगला स्कोर धरायचा) स्ट्रोकप्लेला 85, फोरबॉल मॅचप्लेला 90. पत्रिकेवर ही टक्केवारी छापा.

प्रश्न : उन्हाळ्यात आम्ही पहाटे फक्त नऊ होल खेळतो. पावसाळ्यात काळ्या मातीत चेंडू रुततो, दोन-तीन होल बंदच असतात. हे स्कोर धरायचे का? आणि 46 अंशांत खेळलो तर काही सवलत?
(काटोल रोड)

नऊ होलचा स्कोर धरायचा. पूर्वी नऊचे दोन स्कोर जुळेपर्यंत थांबावं लागे. 2024 पासून खेळलेल्या नऊंचं डिफरन्शियल आणि उरलेल्या नऊंसाठी तुमच्या इंडेक्सचा अपेक्षित आकडा जोडून लगेच 18 चा हिशेब होतो. अट इतकीच, की नऊच्या नऊ होल खेळलेले असावेत. 18 चा राउंड म्हणून नोंदवायचं असेल तर किमान 10 होल पूर्ण हवेत, बाकीचे अपेक्षित आकड्याने भरले जातात. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला निघून नऊवर थांबणाऱ्यांसाठी हा बदल फार मोलाचा आहे.

पावसाळ्यात समितीने चेंडू उचलून पुसायची आणि जवळ ठेवायची परवानगी दिली तरी स्कोर ग्राह्यच राहतो. ती परवानगी लेखी लावा आणि जमीन सुकली की काढून घ्या. रुतलेल्या चेंडूला सर्वसाधारण भागात तशीही विनादंड सुटका मिळते. टी पुढे सरकवताना लक्ष ठेवा. एखादी टी मार्करपासून 10 यार्डांच्या आत हलवली तर चालतं. पण सगळ्या मिळून कोर्सची लांबी 100 यार्डांहून जास्त बदलत असेल तर रेटिंगमध्ये तात्पुरती दुरुस्ती करावी लागते. दोन-चार तात्पुरती ग्रीन केली की हा आकडा केव्हा ओलांडला, ते कळतही नाही. बदललेल्या होलचे यार्ड रोज टिपून ठेवणारा एक माणूस नेमा.

हवामानाची सवलत वैयक्तिक नसते. त्या दिवशी त्या कोर्सवर आलेल्या सगळ्या स्कोरवरून प्रणाली वजा 1 ते अधिक 3 इतकी दुरुस्ती लावते. त्यासाठी 36.0 किंवा त्याखालच्या इंडेक्सच्या खेळाडूंचे किमान 8 स्कोर लागतात. मे महिन्यातल्या मंगळवारी सहा जण खेळले तर दुरुस्ती शून्यच राहणार, मग झळा कितीही लागोत. आठ जण खेळले आणि तिघांनी कार्ड दुसऱ्या दिवशी भरलं, तरी तेच. म्हणून त्याच दिवशी, मध्यरात्रीच्या आत कार्ड भरायचा आग्रह धरला जातो.

प्रश्न : काही जण वर्षभर वाईट कार्डं तेवढी भरतात आणि मोठ्या स्पर्धेत ढीगभर फटके घेऊन चषक नेतात. नवी पद्धत हे थांबवेल?
(नाव देत नाही)

बरंचसं थांबवेल, सगळं नाही. मागच्या 365 दिवसांतला तुमचा सर्वात कमी इंडेक्स प्रणाली लक्षात ठेवते. वाढ त्याच्यापेक्षा 3.0 हून जास्त झाली की पुढची वाढ अर्धी होते, आणि 5.0 च्या वर ती जातच नाही. सर्वात कमी इंडेक्स 12.0 असलेल्याचा हिशेब 17.0 आला तर नोंद 16.0 होईल. हिशेब 21.0 आला तरी 17.0 वरच थांबेल. ही वेसण मात्र 20 स्कोर झालेल्यांनाच लागू होते. उलट बाजूने, एखाद्याने आपल्या इंडेक्सपेक्षा 7.0 ते 9.9 ने चांगलं डिफरन्शियल काढलं तर इंडेक्स आणखी 1.0 ने कापला जातो, 10.0 किंवा जास्त असेल तर 2.0 ने.

उरलेलं काम समितीचं, आणि ते कोणतीही प्रणाली करणार नाही. स्टार्टरच्या नोंदवहीत कोण किती वाजता निघालं ते असतं. आठवड्यातून एकदा ती नोंदवही आणि भरलेली कार्डं समोरासमोर ठेवा. कार्ड न भरलेल्याला आधी विचारा, कारण पुष्कळदा तो निव्वळ विसरलेला असतो. समाधानकारक उत्तर नसेल तर समिती त्याच्या नावे दंडात्मक स्कोर टाकू शकते, वारंवार झाल्यास इंडेक्स काढूनही घेऊ शकते. वर्षातून एकदा सगळ्या सभासदांच्या इंडेक्सचा आढावा घेणं समितीचं काम आहे. मोठ्या सभासदाला हा नियम लावताना समितीचा हात थरथरला, तर लहान सभासद कार्ड भरणं सोडून देतील. तेव्हा हा आढावा तारीख ठरवून घ्या आणि निर्णय कारणासह लिहून ठेवा.

एकट्याने खेळलेला राउंड हँडिकॅपसाठी चालत नाही. सोबत किमान एक व्यक्ती हवी.

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी खेळायला लागले. तीन राउंड पूर्ण केलेत. लाल टी सोडून पांढऱ्या टीवरून खेळले तर महिलांचा हँडिकॅप मोजतात का?
(सदर)

ताई, इंडेक्ससाठी तीन राउंड पुरेसे आहेत, आणि कमाल मर्यादा आता स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच, 54.0. तीन स्कोर असताना सर्वात चांगलं डिफरन्शियल घेऊन त्यातून 2.0 वजा करतात. चारवर तेच, पण वजा 1.0. पाचवर काही वजा नाही. सहावर सर्वोत्तम दोनची सरासरी वजा 1.0. पुढे मोजले जाणारे स्कोर वाढत वाढत 20 ला 8 होतात. सुरुवातीला आकडा जोरात खालीवर होईल, त्याने घाबरून जाऊ नका.

पांढऱ्या टीवरून जरूर खेळा. पण त्या टीला महिलांसाठी वेगळं रेटिंग झालेलं हवं. पुरुषांचं रेटिंग लावून तुमचा स्कोर भरला तर तुमच्यावर अन्याय होतो, कारण तीच लांबी महिलांसाठी कितीतरी जास्त भरते. पुष्कळ क्लब रेटिंगच्या वेळी हे मागायलाच विसरतात. तुमच्या समितीला आत्ताच सांगा, की पथक आलं की पुढच्या सगळ्या टी दोन्हींसाठी रेट करून घ्या. ज्येष्ठ पुरुषांना लाल टीवरून खेळायचं असेल तर त्यांनाही याचा उपयोग होतो.

प्रश्न : मी कॅडी आहे. कोर्स बंद असतो त्या दिवशी आम्ही पोरं खेळतो. माझा हँडिकॅप निघेल का साहेब?
(गोरेवाडा)

संलग्न क्लबचा सभासद असल्याशिवाय इंडेक्स मिळत नाही, हा नियम आहे. पण सभासदत्वाचा कोणता वर्ग ठेवायचा, हे क्लबच्या हातात असतं. नाममात्र शुल्काचा कॅडी वर्ग करून तुमची नावं नोंदवता येतील. तुम्ही पोरं एकमेकांची कार्डं होलनिहाय लिहून, तारीख आणि टी टाकून, सही करून आजपासून जपून ठेवा. म्हणजे कॅडी मास्टरमार्फत समितीकडे अर्ज करताना तुम्ही नियमाने खेळता, हे दाखवायला हातात काही असेल. आमच्या मते समित्यांनी हा अर्ज मोकळ्या मनाने घ्यावा. कोर्सचा प्रत्येक उतार ज्याला पाठ आहे, त्याच्या खेळाची नोंद कुठेच नसावी, हे बरं नाही.

प्रश्न : मॅचप्लेमध्ये होल दिला किंवा चेंडू उचलला, तर कार्डावर काय लिहायचं?
(कामठी)

तिथून पुढे बहुधा किती लागले असते, तो आकडा. चेंडू ग्रीनवर, खळग्यापासून पाच फुटांच्या आत असेल तर झालेल्या फटक्यांत 1 मिळवा. पाच फूट ते 20 यार्ड असेल तर 2 किंवा 3, त्याहून दूर असेल तर 3 किंवा 4. एकूण आकडा होलच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त होत असेल तर मर्यादाच लिहा. होल रिकामा सोडू नका, कारण ऑफिसातल्या माणसाला तुमचा चेंडू कुठे होता ते माहीत नसतं.